हिमोग्लोबिन १२.४: पुरुषाचं आणि बाईचं

रिपोर्टवर आकडा एकच, १२.४ (ग्रॅम, दर डेसिलिटर रक्तात). बाई गरोदर नसेल तर तो ठीक, कारण तिची मर्यादा १२. पुरुषाची १३, म्हणजे त्याला ॲनिमिया. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तांबड्या पेशींची निर्मिती वाढवतं, म्हणून वयात आल्यावर मुलग्यांचा आकडा वर सरकतो. बाईचं पाळीत साधारण ३०-४० मिली रक्त जातं, आणि मिलीमागे अर्धा मिलिग्रॅम लोह. ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त रक्तस्राव. दर तासाला पॅड बदलावं लागणं ही त्याची खूण.

भारतीय शिफारशीत रोजचं लोह पुरुषाला १९, बाईला २९ मिलिग्रॅम. ताटात मात्र बहुधा उलटं वाढलं जातं!

खरी चूक पुरुषांच्या बाबतीत होते. त्याला पाळी नाही, मग लोह गेलं कुठे? नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कुठून जातंय हे शोधायला मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कर्करोग तपासावा लागतो. पाळी थांबलेल्या बाईलाही हेच लागू. गोळी दोघांनीही चहासोबत घेऊ नये, शोषण घटतं, लिंबूपाणी चालतं.

रक्तदानाला किमान हिमोग्लोबिन १२.५, दोघांनाही सारखंच. दोन रक्तदानांतलं किमान अंतर पुरुषाला ९० दिवस, बाईला १२०.