सॉलिडवर्क्सचं रॅप फीचर : गोल फेसवर स्केच चढवायचं असेल तर आधी हे वापरा

सिलिंडरवर किंवा कोनवर (म्हणजे शंकूवर) नाव, लोगो, खाचा काढायच्या असतील तर सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं रॅप मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, आणि तरी बरेच जण प्रोजेक्ट कर्व्ह (स्केच फेसवर सरळ पाडून रेघ बनवणारं) नाहीतर स्प्लिट लाइन (स्केचने फेसचे तुकडे करणारं) मारून मोकळे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रोजेक्ट केलं की स्केचमधला प्रत्येक पॉइंट एकाच दिशेने सरळ जाऊन फेसला, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाला लागतो. समोरून बघाल तर सगळं अगदी बरोबर दिसतं, पण फेसवरून मोजलं की मापं बदललेली असतात. ४० मिमी व्यासाचा सिलिंडर घ्या, त्यावर मधोमध ३० मिमी रुंद नाव प्रोजेक्ट करा, वक्रावर ते जवळपास ३४ मिमी भरतं. चारच मिमी ना, असं वाटेल, पण ही वाढ सगळीकडे सारखी नसते, मधली अक्षरं जवळजवळ तशीच राहतात आणि अगदी कडेला ताण दीडपट होतो, त्यामुळे पहिलं आणि शेवटचं अक्षर पसरट होऊन बसतं. रॅप मात्र बाटलीवर लेबल चिकटवावं तसं स्केच गुंडाळतं, ३० चे ३० च राहतात. पूर्ण वेढा हवा असेल तर स्केचची रुंदी परिघाएवढी घ्या, इथे १२५.६६ मिमी, आणि ती इक्वेशनने व्यासाला बांधून टाका म्हणजे व्यास बदलला तरी हिशोब चुकत नाही. बॅरल कॅमची (अंगावर वळणदार खाच असलेल्या सिलिंडरची) खाच काढायला तर हे फारच छान, उलगडलेला प्रोफाइल सपाट काढायचा आणि डीबॉस द्यायचा, म्हणजे आत कोरायचा.

एम्बॉस (उठावदार), डीबॉस, स्क्राइब असे रॅपचे तीन प्रकार मिळतात. स्क्राइब फक्त फेसवर रेघा उमटवतं, रंग वेगळा द्यायला तेवढं पुरतं.

अटी आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. स्केचमधले सगळे काँटूर, म्हणजे आकारांच्या कडा, बंद पाहिजेत, एक जरी उघडा राहिला तरी फीचर होत नाही, त्यामुळे एका रेघेचे स्टिक फाँट इथे चालत नाहीत. रॅपच्या दोन पद्धतींपैकी सिलिंडर-कोनसाठीच्या अॅनालिटिकल पद्धतीत स्केचचा प्लेन फेसला टँजंट (नुसता स्पर्श करणारा) किंवा त्या टँजंटला समांतर असावा लागतो. उघडी रेघच हवी असेल, समजा स्वीपचा पाथ (ज्या रेघेवरून आकार ओढत न्यायचा ती) म्हणून, तर मात्र सरळ प्रोजेक्ट कर्व्हकडे जा, ते त्याचंच काम आहे. आणि एखाद्या भागावर फक्त लोड लावायला फेस तोडायचा असेल तर स्प्लिट लाइन पुरे.

आता रॅपची दुसरी, स्प्लाइन सरफेस पद्धत. ती कुठल्याही फेसवर चालते, फक्त मॉडेलभोवती पूर्ण वेढा घेत नाही. पण गोलावर किंवा दोन्ही दिशांनी वाकलेल्या हँडलवर लोगो टाकताना माप जसंच्या तसं राहील ही अपेक्षा ठेवू नका. हा सॉफ्टवेअरचा दोष नाहीये, गाउसने १८२७ मध्येच दाखवून दिलंय की दोन्ही दिशांनी वाकलेला पृष्ठभाग ताण न देता सपाट होत नाही, मग उलटं तरी कसं होणार. म्हणून तिथे लोगो लहान ठेवायचा आणि फेसचा त्यातल्या त्यात कमी वाकलेला भाग निवडायचा.

माझी खरी तक्रार इथेच आहे. सॉलिडवर्क्स प्रीमियममधल्या सरफेस फ्लॅटनला (वक्र फेस सपाट उलगडणाऱ्या फीचरला) कुठे किती ताण आला ते रंगांत दाखवणारा डिफॉर्मेशन प्लॉट आहे, तसाच रॅपमध्येही पाहिजे, नाहीतर वाकडं झालेलं अक्षर पार्ट बनून हातात आल्यावरच कळतं. सिलिंडर आणि कोनसाठी मी याला पाचपैकी पाच देईन, बाकी वक्र फेससाठी तीन.