लेबल घेताना आधी प्रिंटर सांगा: लोणची-मसाल्यांच्या घरगुती व्यवसायातला अनुभव

आमच्याकडे तीन जातींचे प्रिंटर चालतात: इंक टँक (टाकीत शाई भरायचा इंकजेट), काळा-पांढरा लेझर आणि रिबनवर चालणारा थर्मल. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिन्हींवर लेबलं छापून झाली, म्हणून आता ठामपणे लिहितो. दुकानात ‘चांगली लेबलं दाखवा’ म्हटलं की दुकानदार कागदाची चकाकी दाखवतो. प्रिंटर कोणता, हे क्वचितच विचारतो. ते आपणच आधी सांगावं, कारण एका प्रिंटरला चालणारं लेबल दुसऱ्याला थेट नुकसान करू शकतं.

लेझरचं कारण सरळ आहे. त्यात टोनर (शाईची पूड) वितळवून कागदावर बसवतात आणि ते वितळवणारा भाग, म्हणजे फ्यूजर, 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. इंकजेटसाठीची चकचकीत शीट तिथे घातली तर वरचा लेप किंवा प्लॅस्टिक मऊ होऊन आत चिकटू शकतं, आणि फ्यूजर बदलण्याचा खर्च लेबलांच्या कितीतरी पुड्यांएवढा होतो. पाकिटावर ‘लेझर’ लिहिलेलं असेल तरच घ्या. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘लेबल्स’ निवडा, नाहीतर टोनर नीट बसत नाही आणि नखाने सुटतो. चार लेबलं काढलेली शीट पुन्हा ट्रेमध्ये घालू नका. उघडा पडलेला गोंद ड्रमपर्यंत (छपाई उमटवणाऱ्या रुळापर्यंत) पोहोचतो. मसाल्याच्या कोरड्या पाकिटांना आम्ही 24 लेबलांची ए4 शीट (64 × 34 मिमी) लेझरवरच छापतो. त्यात एफएसएसएआय या अन्न सुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन आणि एमआरपी बसवताना अक्षर बारीक होतं, पण लेझरचं बारीक अक्षर वाचता येतं. शाकाहाराचं चिन्ह हिरवंच लागतं, म्हणून ते पाकिटावर आधीच छापून घेतलंय.

इंक टँक दिवाळीच्या भेटखोक्यांपुरता. रंग सुरेख येतात, पण बऱ्याच इंक टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या कणांची) आणि रंगीत डायची (पाण्यात विरघळणारी) असते. साध्या कागदी लेबलावर ओला हात लागला की काळं अक्षर तग धरतं, लाल-पिवळं पसरतं. इंकजेटसाठीच्या वॉटरप्रूफ शीट मिळतात, पण त्यांचा भाव पाहून मी त्या मोजक्याच घेतो.

खरी गंमत थर्मलमध्ये आहे. डायरेक्ट थर्मलमध्ये शाई नसतेच. कागदाचा लेपच उष्णतेने काळा होतो. रिबन लावली तर तीच मशीन रिबनवरची शाई लेबलावर उतरवते. दुकानात दोन्ही रोल सारखेच पांढरे दिसतात. ओळखायची युक्ती: कोपऱ्यावर नख जोरात घासा. काळी रेघ उमटली तर डायरेक्ट थर्मल. कुरिअरच्या 100 × 150 मिमी लेबलाला तेवढं पुरतं, कारण पार्सल आठवड्याभरात पोहोचतं. ऊन, गाडीतली उष्णता आणि तेल मात्र त्याला सोसत नाही. लोणच्याच्या बरणीवर ते लावणं म्हणजे तारीख पुसायची सोय करून देणं.

बरणीसाठी आधी क्रोमो कागद (गुळगुळीत लेप दिलेला) आणि वॅक्स रिबन (मेणाच्या शाईची) वापरून पाहिली, कारण सगळ्यात स्वस्त जोडी तीच. गोदामातल्या खोक्यांना ती उत्तम. बरणीवर तेल ओघळलं की कागद पारदर्शक डागाळतो आणि पुसताना वॅक्सचं अक्षर फाटतं. आता पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन) लेबल आणि वॅक्स-रेझिन रिबन (मेण आणि राळेच्या मिश्र शाईची) वापरतो. तेलकट फडक्याने पुसलं तरी बॅच क्रमांक वाचता येतो. रेझिन रिबन आणखी टिकाऊ, पण तिला उष्णता जास्त लागते, छपाईचा वेग कमी ठेवावा लागतो आणि हेडवर (तापून छापणाऱ्या भागावर) ताण येतो. लोणच्यासाठी तिची गरज वाटली नाही.

रिबन घेताना दोन गोष्टी विचारा. शाई आतल्या बाजूला की बाहेरच्या? आपला प्रिंटर एकच प्रकार घेत असेल तर उलटी रिबन लावून लेबल कोरंच निघतं. चिकटपट्टी रिबनवर दाबून उचला. ज्या बाजूची शाई सुटून येते ती छपाईची. दुसरं म्हणजे रुंदी: रिबन लेबलापेक्षा थोडी रुंदच हवी, नाहीतर कडेला हेड थेट कागदावर घासतं. रोलच्या मधल्या नळीचा व्यासही सांगा. टेबलावरच्या छोट्या प्रिंटरला सहसा 1 इंची नळी लागते, कारखान्यातल्या मोठ्यांना 3 इंची. लेबलाचा आकार बदलला की गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखणारा भाग) पुन्हा जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्यावा लागतो, नाहीतर अर्धी तारीख एका लेबलावर आणि अर्धी पुढच्यावर.

पावसाळ्यात लेबलं सुटायला लागली तेव्हा गोंदावर शंका घेतली होती. दोष बरणीवरच्या दमटपणाचा निघाला. फ्रिजमधून काढलेल्या बरणीवर पाणी धरतं, त्यावर कुठलाच साधा गोंद बसत नाही. आता बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावर, कोरड्या फडक्याने पुसूनच लेबल लावतो आणि कडा बोटाने दाबतो. माल थंड साठ्यात जाणार असेल तर मात्र फ्रीझरसाठीचा गोंद वेगळा मागा. लेबल विकणारे त्याचे नमुने देतात. पूर्ण रोल घेण्याआधी तो नमुना आपल्याच बरणीवर, आपल्याच तेलात बुडवून पाहा.