इन्टू द ब्रीच: मारण्यापेक्षा ढकलणं महत्त्वाचं

जमिनीखालून उसळणारी 'वेक' नावाच्या अजस्र किड्यांची टोळधाड, चार बेटांवर उरलेली माणसं आणि त्यांच्या बचावाला तीन मेक, म्हणजे आत पायलट बसवून चालवायचे अजस्र यंत्रमानव. एवढं ऐकून धडाकेबाज मारधाडीची अपेक्षा असेल, तर 'इन्टू द ब्रीच' तुमच्यासाठी नाही. सबसेट गेम्सचा २०१८चा हा व्हिडिओ गेम आठ बाय आठ घरांच्या पटावर आळीपाळीने खेळायचा आहे, आणि त्यात शत्रूला मारणं बऱ्याचदा दुय्यम असतं.

प्रत्येक फेरीत वेक आधी जागा घेतात, कुठे हल्ला करणार ते दाखवतात आणि थांबतात. मग तुमची पाळी, आणि ती संपल्यावर त्यांचे हल्ले. इमारतीला इजा झाली की पॉवर ग्रिड घटतो. ग्रिड शून्यावर आला की खेळ खलास. मेकचं तसं नाही. मोडलेला मेकसुद्धा पुढच्या मोहिमेत धडधाकट उभा असतो, फक्त त्यातला माणूस पायलट गेलेला असतो. म्हणून मेकमध्ये दोन-तीन हिट पॉइंट (किती इजा सोसता येईल त्याचं माप) शिल्लक असताना इमारतीवर येणारा फटका मेकने झेलणं हा तोट्याचा सौदा नाही. इमारतीवरचा हल्ला वाया जाण्याची शक्यता सुरुवातीला १५ टक्के असते. तिच्या भरवशावर चाल आखू नका.

पहिलं पथक 'रिफ्ट वॉकर्स' दिसायला साधं आहे, पण सगळा गेम तेच शिकवतं. कॉम्बॅट मेकचा ठोसा २ इजा करतो आणि किड्याला एक घर मागे सारतो. आर्टिलरी मेकचा गोळा लक्ष्याला १ इजा करतो आणि त्याच्या चारही बाजूंना जे असेल ते बाहेर ढकलतो. सरकलेल्या किड्याचा हल्ला रद्द होत नाही. दिशा तीच राहते, फक्त निशाण्यावर दुसरं घर येतं. एक घर सरकवल्यावर तोच हल्ला रिकाम्या जमिनीवर किंवा शेजारच्या वेकवर पडतो. नवख्यांची गडबड इथेच होते. तीन हिट पॉइंटच्या किड्याला २ इजा करून ते खूश होतात, पण किडा जिवंत, निशाणा तोच आणि इमारत जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे इमारतीला पाठ लावून उभ्या असलेल्या किड्याला मागे ढकलणं. धडकेत दोघांनाही १ इजा होते, म्हणजे ग्रिडचं नुकसान तुम्हीच करता.

पाण्यात ढकललेला वेक बुडतो. अपवाद उडणाऱ्यांचा आणि धिप्पाड नायकांचा. मेक बुडत नाही, पण पाण्यात उभा असताना त्याला शस्त्र चालवता येत नाही. किडे जिथून वर येणार ते घर आधीच दिसतं. तिथे कुणी उभं असेल तर येणारा अडतो आणि उभ्या असलेल्याला १ इजा होते. मेक उभा करण्यापेक्षा दुसरा वेक तिथे ढकला, एका दगडात दोन पक्षी. घटनांचा क्रमही पाठ हवा: आधी आगीची इजा, मग लाट किंवा बॉम्बवर्षाव यांसारखी संकटं, त्यानंतर वेकचे हल्ले. बॉम्ब पडणाऱ्या घरात सरकवलेला किडा हल्ला करायला उरतच नाही. धुरात उभ्या असलेल्याला हल्ला करता येत नाही. 'रस्टिंग हल्क्स' पथक याच एका नियमावर चालतं आणि माझ्या मते शिकायला सगळ्यात मजेदार आहे.

पायलट हे या गेमचं खरं वेगळेपण. हरलात की जिवंत राहिलेला एकच पायलट दुसऱ्या कालरेषेत उडी मारतो, अनुभव आणि कौशल्यांसकट. बाकीचे बुडत्या जगात मागे राहतात. उडी मारणाऱ्याला स्वतःचं म्हणावं असं जगच उरत नाही, आणि गेम हे फारसं न बोलता, दोन-चार वाक्यांच्या संवादांत पोचवतो. कथेची भूक असणाऱ्यांना मात्र हे तुटपुंजं वाटेल. पायलटांमध्ये समतोलही नाही. कॅमिला व्हेराला जाळ्यात अडकवता येत नाही आणि धूर तिला थांबवत नाही, त्यामुळे ती कुठल्याही पथकात खपते. राल्फ कार्लसनला शत्रू मारल्यावर जास्तीचा अनुभव मिळतो, पण कौशल्यं पूर्ण झाली की त्याचा उपयोग संपतो.

बेट संपल्यावर कमावलेल्या प्रतिष्ठेतून खरेदी होते: मेकची ताकद वाढवणारा रिअ‍ॅक्टर कोअर ३ ला, ग्रिडचा एक ठोकळा १ ला. ग्रिड निम्म्यावर असेल तर कोअरचा मोह टाळा. चारही बेटं खेळायची सक्ती नाही. दोन झाली की शेवटची मोहीम उघडते आणि शत्रूंची ताकद त्या बेतानेच ठरते. पहिला विजय दोन बेटांवर मिळवणं सोपं. नवी पथकं नाण्यांनी उघडतात आणि नाणी पराक्रमांतून, म्हणजे गेमने दिलेली खास आव्हानं पुरी करून, मिळतात. त्यातले काही पराक्रम इतके विचित्र आहेत की त्यांच्या नादात चांगली चाललेली मोहीम हातची जाते.

२०२२ मध्ये फुकट आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन'ने पाच पथकं, नवी शस्त्रं, नवे किडे आणि 'अनफेअर' ही काठिण्यपातळी दिली. हा जादा मालमसाला नव्या खेळाच्या सुरुवातीला बंद ठेवता येतो. रिफ्ट वॉकर्सनी 'नॉर्मल'वर एकदा जिंकेपर्यंत तो बंदच ठेवा. नवे किडे नियमांना एवढे अपवाद आणतात की मूळ नियम अंगवळणी पडत नाहीत. हल्ल्यांचा क्रम दाखवणारं बटण दर फेरीला दाबा. फेरी मागे घेण्याची सोय मोहिमेत एकदाच मिळते, ती पहिल्या फेरीत उधळू नका.