ताइनान की लुगांग? हाताशी रात्री किती, त्यावर ठरवा

तैवानमध्ये जुनी म्हण आहे: पहिलं ताइनान, दुसरं लुगांग, तिसरं बांगा. एके काळी बेटावरची मोठी गावं याच क्रमाने सांगत. बांगा आता तैपेईच्या पोटात गेलंय, त्यामुळे जुनं शहर पाहायचं तर निवड उरते पहिल्या दोघांत. देवळं, गल्ल्या, खाऊगल्ल्या दोन्हीकडे आहेत. याद्या शेजारी शेजारी मांडून काही ठरत नाही. माझा हिशोब रात्रींचा आहे: दोन रात्री असतील तर ताइनान, एकच मोकळा दिवस असेल तर लुगांग.

ताइनान दोनशेहून जास्त वर्षं बेटाची राजधानी होतं. १६२४ मध्ये डच इथे उतरले. वेंगुर्ल्याची वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिनेच शहराच्या समुद्राकडच्या आन्पिंग भागातला किल्ला बांधला. चिनी सेनापती कॉक्सिंगाने तो वेढला आणि फेब्रुवारी १६६२ मध्ये डचांनी शरणागती पत्करली. पुढच्याच वर्षी आपल्याकडे लाल महालावर छापा पडला. किल्ल्यावर सगळे फोटो काढतात तो पांढरा मनोरा बराच नंतरचा. डचांचं खरं बांधकाम पाहायचं तर बाहेरची लाल विटांची भिंत गाठा. चिकट तांदूळ, साखरेचं पाणी आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना मिसळून तिचे सांधे भरलेत, आणि वडाच्या मुळांनी ती आवळून धरलीये. तिथे घाई करू नका. जवळच एका जुन्या गोदामात वडच राहायला आलेत, तेही पाहा. शहरात छिकान मनोरा, १६६५ चं कन्फ्यूशियस मंदिर आणि १९३२ चं हायाशी दुकान आहे; हायाशीच्या गच्चीवर दुसऱ्या महायुद्धातल्या हल्ल्याच्या खुणा अजून आहेत.

पण रात्री लागतात त्या खाण्यासाठी. इथलं खाणं घड्याळाला बांधलेलं आहे. गोमांसाच्या सूपची दुकानं पहाटेच उघडतात, मिल्कफिश माशाची पेज सकाळी, फार भूक नसली तरी चालेल अशा छोट्या वाडग्यातल्या दान्झाय शेवया कधीही, आणि रात्री बाजारातला ‘शवपेटी पाव’: जाड तळलेला पाव पोखरून आत दाट रश्शाचं सारण. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला यातलं निम्मंही मिळत नाही.

लुगांग मात्र पायी एका दिवसात होतं. १७८४ मध्ये चीनशी थेट व्यापारासाठी हे बंदर खुलं झालं, भरभराटलं, मग गाळाने भरलं. रेल्वेही जवळच्या चांगह्वा शहरावरून गेली, लुगांगला आली नाही. गावाचं नुकसान झालं, पण गल्ल्या वाचल्या. ‘नऊ वळणांची गल्ली’ मुद्दाम वाकडी आहे: हिवाळ्यात समुद्रावरून येणारा बोचरा, वाळू उडवणारा वारा प्रत्येक वळणावर मोडावा म्हणून. बाहेर वारा झोंबत असताना आत शिरून पाहा, फरक अंगाला कळतो. लुंगशान मंदिरातल्या रंगमंचाच्या वर अष्टकोनी लाकडी छत आहे. मान दुखेपर्यंत बघत राहावं असं. कंदील आणि मूर्ती घडवणारे कारागीर इथे अजून काम करतात, हे ताइनानपेक्षा इथे जास्त जवळून दिसतं.

लुगांगचं खाणं सुक्या खाऊचं, बांधून नेण्यासारखं. तांदळाच्या पिठाची साखर घातलेली फीनिक्स-डोळा वडी, बैलाच्या जिभेच्या आकाराची पोळी (नाव तसं असलं तरी मांस नसतं) आणि भाजलेल्या पिठात गरम पाणी घालून केलेला म्येन-चा, जो आपल्या सातूच्या पिठासारखा लागतो. समुद्राकडचं म्हणाल तर कालवांचं ऑम्लेट.

शाकाहारी असाल तर ताइनानचा अर्धा फायदा कमी होतो, कारण तिथलं नावाजलेलं बहुतेक सगळं मांस-मासळीचं. दान्झायवरही डुकराचा खिमा असतो. तरी उपाशी राहणार नाही. बौद्ध शाकाहारी खानावळी दोन्हीकडे आहेत, पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, आणि तिथे कांदा-लसूणही टाळतात. आन्पिंगची मऊ टोफूची गोड खीर खाल्ल्याशिवाय निघू नका. मिठाईत मात्र डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या.

तैपेईहून ताइनानला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत पोचता, पण ते स्टेशन शहराबाहेर आहे. तिथून लोकल घ्यावी लागते. लुगांगला चांगह्वाहून किंवा ताइचुंगच्या वेगवान रेल्वे स्टेशनहून बस. म्हणून मुक्काम ताइचुंगला असेल तर लुगांग करून टाका, आणि ताइनानसाठी पुढे वेगळ्या दोन रात्री राखा. उन्हाळ्यात ताइनान फार तापतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.