कॉलरचा विणीचा शर्ट: ६१०५ की ६११०?

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या कुणी परदेशातून कॉलरचे होजिअरी शर्ट मागवले, की प्रश्न येतोच, कस्टम्सच्या दरसूचीत माल कोणत्या क्रमांकाखाली दाखवायचा: पुरुषांचे शर्ट म्हणून ६१०५, की स्वेटर-पुलओव्हरचं ६११०? नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. दरसूचीतल्या ६१व्या, म्हणजे विणीच्या कपड्यांच्या प्रकरणाची चौथी टीप स्पष्ट आहे. कमरेखाली खिसा, तळाला रिबची पट्टी किंवा आवळायची दोरी असेल, तर ६१०५ बाद. वीणही मोजाच. किमान १० बाय १० सेंटिमीटर भागावर दर सेंटिमीटरला उभे-आडवे सरासरी १० पेक्षा कमी टाके आले, तरी बाद. मग बहुधा ६११०. बिनकॉलरचा साधा टी-शर्ट मात्र ६१०९. माझं ठाम मत: भिंग घेऊन टाके नमुन्यावरच मोजा, ऑर्डर देण्याआधी. माल बंदरात अडकला की भाडं चढत राहतं.