तुरटीचा खडा की सोड्याचं मलम? काखेच्या वासावर घरगुती उपाय निवडताना

माझी भाची रोज डोंबिवलीहून दादरला लोकलने कॉलेजला जाते. मे महिन्यात तिने विचारलं, "मावशी, बाजारातला डिओ बंद करायचाय. घरी काय करू? तुरटी लावू की ते सोडा-खोबरेल तेलाचं मलम?" मी हे दोन्ही तीन उन्हाळे वापरलंय, त्यामुळे तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. वयात येताना काखेतल्या खास ग्रंथी जाग्या होतात. त्यांचा स्राव काखेतले जिवाणू फोडतात आणि त्यातून तो उग्र वास तयार होतो. म्हणजे घाम थांबवणं वेगळं आणि वास थांबवणं वेगळं. घाम खरोखर कमी करतात ती अँटिपर्स्पिरंट. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांची तोंडं तात्पुरती बुजवतात. घरी केलेलं काहीही एवढं काम करत नाही. ब्लाउजवर उमटणारा ओला डाग ही तुमची मुख्य अडचण असेल, तर घरगुती उपायांनी निराशाच होईल. वास ही अडचण असेल तर मात्र पुढे वाचा.

तुरटी आपल्या घरात नवी नाही. दाढीनंतर फिरवायला वडिलांच्या आरशापाशी तिचा खडा असायचाच. अंघोळीनंतर खडा पाण्यात बुडवायचा, काखेत चार-पाच वेळा फिरवायचा आणि वाळू द्यायचा. वाळल्यावर त्वचा किंचित आवळल्यासारखी लागते, पण चिकटपणा नसतो, वासही नसतो. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि वास करणाऱ्या जिवाणूंना ते मानवत नाही. ज्यांना खडा नको त्यांनी १०० मिलिलिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा तुरटीची पूड विरघळवावी आणि फवाऱ्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरावी. पाण्याऐवजी गुलाबपाणी घेतलं तरी चालतं. धातूची बाटली मात्र नको. पूड कच्च्या तुरटीचीच घ्या. तव्यावर फुलवलेली तुरटीची लाही पाण्यात लवकर विरघळत नाही आणि फवाऱ्याचं तोंड तुंबतं.

आता मलम. तीन मोठे चमचे खोबरेल तेल, एक मोठा चमचा मधमाश्यांचं मेण, तीन मोठे चमचे आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर आणि एक लहान चमचा खायचा सोडा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी धरून मेण आणि तेल वितळवायचं, खाली उतरवून पिठं मिसळायची आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. सोडा मलमलीतून चाळून घ्या. तो तेलात विरघळत नाही, त्याचे कण तसेच राहतात, आणि न चाळलेल्या सोड्याचं मलम बोटांवर घेतलं की रवाळ लागतं. तोच रवा नाजूक कातडीवर घासला जातो. धुण्याचा सोडा चुकूनही घालू नका, तो कितीतरी जास्त दाहक असतो.

मेणाचं प्रमाण महत्त्वाचं आहे. थंड देशांतल्या बऱ्याच कृतींमध्ये नुसतं खोबरेल तेल असतं. तिकडे ते गोठलेलंच राहतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे मुंबईत आणि कोकणात ते जवळजवळ वर्षभर पातळच. मेणाशिवाय केलेलं माझं पहिलं मलम एप्रिलमध्ये डबीत थर होऊन बसलं होतं, वर तेल आणि खाली पिठाचा गाळ.

वासाच्या बाबतीत हे मलम तुरटीपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. सोडा वासाची आम्लं जागीच निष्प्रभ करतो, पीठ ओलावा शोषतं. सकाळी लावलं तर संध्याकाळच्या गर्दीपर्यंत टिकतं. माझी तुरटी दमट दिवसात दुपारी तीन-चारपर्यंत पुरते, मग पुन्हा फवारावी लागते.

तरीही भाचीला मी तुरटीच सांगितली. कारण आहे त्वचा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५. सोड्याचा आठाच्या वर. रोज हा फरक सोसताना अनेकांची काख लाल होते, खाजते, काळवंडते. मला सहाव्या दिवशी पुरळ उठलं आणि पंधरा दिवस बाही काखेला लागू द्यावीशी वाटत नव्हती. सोड्याचं प्रमाण निम्मं केल्यावर मला मलम सोसलं, पण माझ्या बहिणीला तेवढंही सोसलं नाही. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. केस काढले असतील त्या दिवशी दोन्हीपैकी काहीच नको.

कपड्यांचाही विचार करा. मलमाचे तेलकट डाग सुती कुर्त्यावर बसतात आणि साध्या धुण्याने निघत नाहीत. तुरटीचा हा त्रास फारच कमी.

खर्चाचं फार बोलायला नको. किराणा दुकानातला तुरटीचा खडा डिओच्या बाटलीच्या कितीतरी कमी पैशांत येतो आणि महिनोन्महिने पुरतो. मलमात मेण हीच काय ती महाग वस्तू.

ॲल्युमिनियम नको म्हणून घरगुती उपायांकडे वळणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. तिच्यातही ॲल्युमिनियम आहेच. ते पूर्ण टाळायचं असेल तर मलम हाच पर्याय उरतो. ॲल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग होतो ही भीती मात्र आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेली नाही, तेव्हा केवळ त्या धास्तीने निर्णय घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वापरा.

लिंबू चोळायचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मी कुणालाच देणार नाही. लिंबाचा रस फार आंबट, आणि तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. बिनबाह्यांचा कपडा घालून उन्हात जाणाऱ्या मुलीला हा धोका खरा आहे.

वास अचानक बदलला, किंवा बसल्या जागी घामाने कपडे भिजत असतील, तर दोन्ही डब्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

भाचीने खडाच निवडला. तिला शेवटचं सांगितलं ते हे: वापरून झाला की पुसून कोरड्या डबीत ठेव, ओल्या साबणदाणीत तो झिजत जातो. हातातून फरशीवर पडून फुटला तर त्याच्या कडा काचेसारख्या धारदार होतात. त्या ओल्या दगडावर घासून गुळगुळीत केल्याशिवाय काखेला लावू नकोस.