घाटातली घसरण मोजायला लंबक की चाक?

चोर्ला घाटातली दोन-चार वळणं पावसात फार निसरडी होतात. तिथली टायरची पकड मोजायला लंबक-यंत्र (झोका घेत रबराची पट्टी रस्त्यावर घासणारं) घ्यावं की गाडीमागे ओढायचं चाक भाड्याने आणावं, असं एका कंत्राटदार मित्राने विचारलं.

खर्चात लंबक कितीतरी स्वस्त, पण खटाटोप मोठा. वाहतूक अडवा, तिपाई समतळ करा, डांबर भिजवा. मग रबराची पट्टी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर घासून जाते आणि काटा आकडा दाखवतो. तोही त्या एका जागेचा, कमी वेगातल्या पकडीचा. रबर तापमानाप्रमाणे बदलतं, म्हणून मे महिन्यातला आकडा दुरुस्त करूनच वाचायचा. दोन हात पलीकडे डांबर वर येऊन गुळगुळीत झालं असेल तर ती जागा मोजणीतून सुटतेच.

चाक पुढे पाणी सोडत, अर्धवट ब्रेक लागल्यासारखं घासत जातं आणि सलग आलेख देतं. थंड देशांत बर्फाळ महामार्गावर मीठ कुठे टाकायचं ते ठरवायला अशी सलग मोजणी कामी येऊ शकते. नागमोडी घाटात मात्र वेग एकसारखा राहत नाही, म्हणून आलेखातले आकडे एकमेकांशी ताडणं अवघड जातं.

राष्ट्रीय महामार्ग 66 सारखा लांब पट्टा असेल तर चाकच. मित्राच्या वळणांना लंबक पुरे, फक्त चाकोरीतल्या बऱ्याच जागा तपासाव्यात आणि काम जूनच्या आधी उरकावं.